.३१८चा कारागीर: नळीखालचे शिक्के सापडले!

शेवटी स्टॉक, म्हणजे लाकडी दस्ता, उतरला! आजोबांची .३१८ काडतुसाची रायफल कुणी घडवली याचा शोध चालू आहे, आणि तिच्या नळीखाली काय दडलंय ते काल दिसलं.

इतके दिवस अडलं होतं ते स्क्रूंपाशी. इंग्लिश बंदुकांच्या स्क्रूंची खाच अरुंद आणि सरळ असते, निमुळत्या टोकाने ती फाटते. नागदेवी स्ट्रीटवरून चांगल्या पोलादाचा स्क्रू ड्रायव्हर आणला, वागळे इस्टेटमधल्या एका टूलरूममध्ये त्याचं टोक खाचेच्या मापाने घासून घेतलं. परवानाधारक गनस्मिथच्या टेबलावर स्क्रू अलगद फिरला, साधा ओरखडाही नाही. महागडे सेट मागवण्यापेक्षा हेच करा.

आता शिक्के. मुकुटाखाली बीव्ही, बीपी, एनपी हे प्रूफचे, म्हणजे बंदुकीच्या चाचणीचे, शिक्के; म्हणजे १९०४ नंतरचं बर्मिंगहॅम. शेजारच्या बारीक तारखेच्या शिक्क्यात डी आहे. ही अक्षरं १९२१ला ए पासून सुरू झाली, म्हणजे साधारण १९२४. घरात तर कायम ‘लंडनची रायफल’ असंच ऐकलंय. तेही अजून खोडता येत नाही, कारण लंडनची दुकानंही बर्मिंगहॅममधून माल घडवून घेत.

मागच्या पोस्टवर काहींनी वेस्ली रिचर्ड्स ही बर्मिंगहॅमची बंदूक कंपनी सुचवली होती. काडतूस त्यांचंच, १९१०चं, आणि गावही जुळतं. पण .३१८ जर्मन माउझर ९८च्या यंत्रणेवर बसवून इतरही अनेकांनी विकली.

खरा छळ पुढेच आहे. चेंबरजवळ, म्हणजे नळीत काडतूस बसतं तिथे, दोन अक्षरं आहेत. पहिलं स्पष्ट एच. दुसऱ्यावर कधीतरी कुणी बफिंग व्हील फिरवलंय. अशा माणसाच्या हातात जुनं पोलाद देऊच नये. टाल्कम भरून पाहिलं, तिरका टॉर्च मारला, बटर पेपरवर पेन्सिलीने छाप घेतला. हाती लागली एक उभी रेघ. टी? पी? एफ? त्यातून अशी अक्षरं बहुधा दुकानाची नसतात, काम करणाऱ्या कारागिराची असतात, आणि एकच कारागीर अनेक दुकानांसाठी काम करी. तरी ते अक्षर मला हवंच आहे.

नळीला नवं ब्ल्यूइंग (पोलादावरचा निळसर-काळा थर) करायचा बेत रद्द. त्याआधीच्या पॉलिशमध्ये उरलेली रेघही जाईल. स्टॉकला फक्त जवसाचं तेल.

हे लिहितानाच एक सुचलं. मागच्या साइटच्या, म्हणजे नेम धरायच्या खाचेच्या, पानांवरचे १००, २००, ३०० हे अंतराचे आकडे हाताने कोरलेले आहेत, आणि माझ्या रायफलीवरच्या ३चं डोकं सपाट आहे. कोरणाऱ्याचं वळण तरी जुळवून पाहता येईल. अक्षर आता नंतर, आधी आकडे. १९२०च्या दशकातली बर्मिंगहॅम प्रूफची माउझर कुणाकडे असेल, तर साइटच्या पानांचा जवळून फोटो टाका. उजेड बाजूने घ्या, फ्लॅश नको.