एन्शंट ड्रॅगन, तिसरा प्रयत्न: पंखांपर्यंत पोचले

जपानी ओरिगामी कलाकार सातोशी कामिया यांच्या एन्शंट ड्रॅगन या कागदी ड्रॅगनला तिसऱ्यांदा हात घातला, त्याला आज एकोणीस दिवस झाले. एकच चौरस, कात्री नाही, आणि आकृत्यांत अडीचशेहून जास्त पायऱ्या. पहिला ड्रॅगन वह्यांना कव्हर घालतो त्या ब्राऊन पेपरचा होता. पायऱ्या शिकायला तो उत्तम, पण नख्यांपाशी थर इतके साचले की त्या मिटेचनात. दुसरा टिश्यू-फॉइलचा, म्हणजे फॉइलच्या दोन्ही बाजूंना टिश्यू चिकटवलेल्या कागदाचा. तीच घडी चार-पाच वेळा उलटसुलट केली की आतलं फॉइल थकतं, आणि मानेपाशी नेमकी तिथेच चीर गेली.

म्हणून या वेळी डबल टिश्यू, म्हणजे दोन टिश्यू एकमेकांना चिकटवून केलेला कागद, ६० सेंटीमीटरचा. चिकटवायला मेथिल सेल्युलोज वापरते; त्याची पूड थेट गार पाण्यात टाकली की गुठळ्या होतात. ती विरघळते गार पाण्यातच, पण आधी थोड्या कडकडीत पाण्यात ढवळून सुटी करून घ्यायची आणि मग वरून गार पाणी ओतायचं. रात्रभरात पातळ खळीसारखं मिश्रण तयार होतं. ते ब्रशने लावून दोन टिश्यू काचेवर एकावर एक बसवले. ठाण्यातल्या पावसाळी हवेत वाळायला दोन पूर्ण दिवस लागले. चौरस कापायचा तो पूर्ण वाळल्यावरच, नाहीतर कागद नंतर आक्रसतो आणि काटकोन बिघडतो.

घड्यांचं कूळ २२.५ अंशांचं, म्हणजे मुख्य घड्या त्या कोनाच्या पटीत. कोपरा दोनदा दुभागला की रेघ समोरच्या कडेला, तिच्या जवळच्या टोकापासून बाजूच्या ०.४१४ अंतरावर भेटते. माझ्या कागदात २४.८५ सेंटीमीटरवर. अशा आठ जागा निघतात. पूर्ण रेघ न दाबता फक्त कडेपाशी चिमटा काढून आठही पट्टीने मोजल्या. दोन ठिकाणी मिलिमीटरभर चूक होती. तो कागद सरळ बाजूला ठेवला आणि जास्तीचा बनवून ठेवलेला घेतला. ब्राऊन पेपरच्या वेळी एवढीच चूक मी सोडून दिली होती, आणि पुढे दोन्ही पाय वेगळ्या लांबीचे झाले होते.

मधल्या एका कोलॅप्सला, म्हणजे आधी पाडलेल्या अनेक घड्या एकदम मिटवण्याला, दोन संध्याकाळी गेल्या. कागद सपाट व्हायलाच तयार नव्हता. शेवटी अडलेल्या बिंदूपाशी घड्या मोजल्या: तीन डोंगर (वर उठणाऱ्या घड्या), तीन दऱ्या (आत जाणाऱ्या). ओरिगामीकार जुन माएकावा यांच्या नियमाप्रमाणे सपाट मिटणाऱ्या बिंदूपाशी या दोन आकड्यांत नेमका दोनचा फरक हवा. एक दरी उलटून डोंगर केली, चार-दोन झाले, आणि सगळं अलगद आत बसलं. अडलात तर जोर लावण्याआधी मोजा, हे मी मनापासून सांगते.

आता क्लोज्ड सिंकबद्दल (सिंक म्हणजे घडीचं टोक आत बुडवणं), कारण माझे दोन्ही आधीचे प्रयत्न तिथेच दमले. ओपन सिंकमध्ये टोक उघडून, घड्या फिरवून परत मिटता येतं. क्लोज्ड सिंकमध्ये कडा बंदच राहतात आणि टोक आत ढकलावं लागतं, म्हणजे काही क्षण कागदाला चुरगळावंच लागतं. मी असं केलं: सिंकची रेघ बोनफोल्डरने (घड्या दाबायच्या बोथट पट्टीने) दोन्ही बाजूंनी पक्की केली, थर जेवढे सैल करता येतील तेवढे केले, आणि टूथपिकच्या बोथट टोकाने शेंड्याकडून नाही, तर रेघेलगत कडेकडेने आत रेटत गेले. शेंड्यावर दाब दिला की कागद नको तिथे मोडतो. पहिल्याला चाळीस मिनिटं लागली. तिसरा पाच मिनिटांत गेला आणि मी खुर्चीवरून उठून घरभर फिरून आले, इतका आनंद झाला.

नख्या आता सुईसारख्या आल्यात. डबल टिश्यूचा खरा फायदा तिथे दिसतो.

शिंगं, जबडा झाले. पंखांना बाक देताना पातळ मेथिल सेल्युलोज ब्रशने लावते आणि कागद ओलसर असतानाच वळवते. ओरिगामीचे जपानी गुरू अकिरा योशिझावा जाड कागद ओला करून जे साधायचे, त्याचीच ही पातळ कागदावरची वाट. डावा पंख काल वळवून झाला. उजवा आत्ता सात क्लिपांत अडकून पंख्यापासून लांब वाळतोय. क्लिपांखाली वहीच्या कागदाच्या घड्या ठेवल्यात, नाहीतर ओल्या टिश्यूवर दात उमटतात. उद्या सकाळी त्या काढेन, मग शेपटी.