पाणी ठीक

छावणीच्या चौथ्या दिवशी सकाळी सव्वासातला मी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'टाकी पिवळी. तिन्ही नळ पिवळे. पाणी ठीक.' खाली सही ठोकली. अर्ध्या तासात दवाखान्याच्या खोलीतून निरोप आला: रात्रीतून सात पोरांना जुलाब लागलेत, पाणीवाल्यांनी ताबडतोब या.

पाणीवाले म्हणजे मी आणि कॉलेजात शिकणारा एक मुलगा, बस. नदी गावात शिरल्यावर सहाशेच्या आसपास माणसं शाळेत आसऱ्याला आली होती. मी एरवी हिशेब लिहितो. स्वयंसेवकांच्या प्रशिक्षणात आकड्यांना न घाबरण्याचा एवढा एकच गुण माझ्यात दिसला असावा, म्हणून मला पाण्यावर टाकलं. आणि पाण्याचं काम खरंच आकड्यांचं आहे. टाकी ५,००० लिटरची. लिटरला २ मिलिग्रॅम क्लोरीन द्यायचं तर १० ग्रॅम हवं. टीसीएलच्या, म्हणजे ब्लीचिंग पावडरच्या, आमच्या पोत्यात क्लोरीन जेमतेम २५ टक्के धरायचं, कारण पोतं फोडलं आणि दमट हवा लागली की पावडरीचा जोर उतरतो. म्हणजे पावडर ४० ग्रॅम. ती आधी बादलीत कालवायची, गाळ खाली बसू द्यायचा, वरची निवळी तेवढी टाकीत ओतायची आणि अर्धा तास नळ उघडायचा नाही. मग ओटी टेस्ट: नळीत पाणी, त्यात द्रावणाचे थेंब, पिवळं झालं की क्लोरीन आहे.

मदतसंस्थांची स्फिअर मानकं आम्हाला पाठ करवली होती. माणशी रोज १५ लिटर पाणी, २५० माणसांमागे किमान एक नळ. आमच्याकडे सहाशे माणसांना तीन नळ आणि दिवसातून दोनदा भरणारी टाकी. कागदावर मी पास होतो, आणि त्याचा मला जरा माजही होता.

दवाखान्याच्या खोलीत दोन वर्षांचा एक मुलगा आईच्या मांडीवर होता. डोळे खोल गेलेले, रडायचा पण डोळ्यांत पाणी नव्हतं. डॉक्टर मॅडमनी त्याच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती लगेच सपाट व्हायला हवी, ती सावकाश बसली. मॅडमनी आईच्या हातात वाटी-चमचा दिला. "चमचा-चमचा ओआरएस पाजत राहा. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबा, मग पुन्हा सुरू. बाटलीने घाईघाईत नको." त्या हे काम नेहमी आईवर किंवा आजीवर सोपवत, आम्हा स्वयंसेवकांवर कधीच नाही. १९७१ साली पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलऱ्याची साथ होती आणि सलाइन पुरत नव्हतं, तेव्हा डॉ. दिलीप महालनोबिस यांनी ग्लुकोज, मीठ आणि सोड्याचं द्रावण पिंपांत भरून नातेवाइकांच्या हाती सोपवलं होतं आणि मृत्यू ३० टक्क्यांच्या घरातून ४ टक्क्यांच्या खाली आले होते. मॅडमचं हे आवडतं उदाहरण. प्रशिक्षणातही त्यांनी दोनदा ऐकवलं होतं.

त्यांनी मला वही दाखवली. सातही पोरं इमारतीच्या मागच्या दोन खोल्यांमधली. पुढच्या बाजूचं एकही नाही.

मी लगेच म्हणालो, "पाण्याचा प्रश्न नाही मॅडम. पाणी सगळ्यांना एकाच टाकीचं जातं. ते खराब असतं तर पुढचीही पोरं पडली असती. आणि सकाळीच तपासलंय मी."

"कुठे तपासलंत?"

"टाकीत. नळाला."

"पोरं नळाला तोंड लावून पितात का?"

मला राग आला, खोटं का बोला. चार रात्रींत धड झोप नव्हती आणि वाटलं, बाई आपल्या कामात खोट काढतायत. तरी टेस्टची पेटी काखोटीला मारली आणि कॉलेजच्या मुलाला घेऊन मागे गेलो.

पहिल्याच खोलीत दाराशी एक आजी बसल्या होत्या. त्यांच्यामागे ओळीने बादल्या, घमेली, एक प्लास्टिकचा टब, दोन पातेली, सगळं काठोकाठ भरलेलं. झाकण एकावरही नाही. मी पहिल्या बादलीतलं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले, हलवलं, उजेडात धरलं. पाणी जसंच्या तसं. दुसरी बादली, तेच. मला वाटलं द्रावणच खराब झालंय, म्हणून मुलाला पळत नळावर पाठवलं आणि तिथलं ताजं पाणी आणवलं. ते झटकन पिवळं झालं. तेवढ्यात चारेक वर्षांची एक मुलगी आली, टबात कोपरापर्यंत हात घालून तळाशी बुडालेला पेला काढला, भरला, प्यायली आणि पेला परत आत सोडून गेली.

"आजी, हे कधी भरलंय?"

"काल दिवस मावळायच्या आधी."

"इतकं साठवायचं कशाला? नळ तर रात्रभर चालू असतो."

आजींनी माझ्याकडे वेड्याकडे बघावं तसं बघितलं. "लेकरा, दिवा कुणी नेला ते सांग आधी."

त्या वाक्यानंतर मी खाली बसलो, हे आठवतंय.

नळांच्या कोपऱ्यावर पहिल्या दिवशी आम्हीच हॅलोजन टांगला होता. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मदतीचा ट्रक आला. रात्री माल उतरवायला उजेड हवा होता आणि जनरेटरवर दुसरा दिवा नव्हता. मीच शिडी लावली, हॅलोजन काढला आणि गोदामाच्या दारावर बांधला. एका रात्रीपुरता. तिसऱ्या दिवशी दुसरा ट्रक आला आणि दिवा तिथेच राहिला. दोन्ही ट्रकांत काय होतं? कपडे. न निवडलेले, गाठोडी बांधलेले. लोकरीच्या टोप्या, जरीचे कोट, एकाच पायाचे बूट. आम्ही मागितले होते अरुंद तोंडाचे, झाकणाचे कॅन, घरटी दोन: एक आणायला, एक साठवायला. ते आलेच नव्हते. कपडे पाठवणाऱ्यांवर राग काढता येतो, मी काढलाही आहे. पण शिडीवर मी चढलो होतो.

पुढच्या खोल्यांना व्हरांड्याचा उजेड होता, नळ समोर दिसत होता. मागच्यांना इमारतीला वळसा घालून अंधारातून जावं लागे. बायका, पोरी जात नव्हत्या, आणि बरोबरच होतं त्यांचं. म्हणून सांजेलाच मिळेल त्या भांड्यात रात्रभराचं पाणी. उघड्या भांड्यात, दहा हात बुडत असताना, क्लोरीन कितीसं टिकणार? शौचालयाची वाटही त्याच अंधारातून. पोरांना रात्री खोलीमागेच बसवत होते आणि साबण ठेवलेला नळावर. मॅडम नंतर म्हणाल्या की दोष एकट्या पाण्यावर टाकू नका, हातांचाही वाटा असणार. असेलच.

पुढचे तीन तास आम्ही मागच्या दोन्ही खोल्यांतलं एकेक भांडं तपासलं. त्या मुलाने आकडे टिपले. मी दर भांड्यामागे, हे पाणी कशासाठी, कोण काढतं, कशाने काढतं, ते विचारत गेलो. चार दिवसांत हे पहिल्यांदाच विचारलं. भांडी धुतली, ताजं पाणी भरलं, बादल्यांत टाकायच्या क्लोरीनच्या गोळ्या वाटल्या, झाकणाला पाट्या, परातीही चालवल्या. लांब दांडीची ओगराळी कुठून तरी एका ताईंनीच जमवून आणली. आजींनी टबाचा ताबा घेतला आणि ज्या पोराचा हात आत जाईल त्याला फटका देण्याचं जाहीर केलं.

संध्याकाळपर्यंत आणखी दोन पोरं आजारी पडली, पुढचे दोन दिवस एकही नवं नाही. तो दोन वर्षांचा मुलगा दुपारी चारला जोरात रडला, डोळ्यांत पाणी आणून. त्याच्या आईने चमचा खाली ठेवला आणि पहिल्यांदा भिंतीला टेकली.

सकाळची ओळ मी खोडली नाही. तिच्याखाली लिहिलं, 'दुपारी १२. मागच्या खोल्या. भांडी २३, त्यात पिवळी ४.' मग शिडी घेतली.

साडेनऊला नळावर रांग होती. आजी कळशी घेऊन स्वतः आल्या होत्या. दिव्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत. गोदाम अंधारात होतं. त्याबद्दल कुणाचीच तक्रार आली नाही.