जुनी काडतुसे, नव्या नळ्या

रायफलींच्या जगात दर वर्ष-दोन वर्षांनी एखादे नवे काडतूस येते आणि आधीची सारी काडतुसे आता कालबाह्य झाली, असा डांगोरा पिटला जातो. माझे मन मात्र साधारण १८९० ते १९१२ या काळात जन्मलेल्या काडतुसांत गुंतलेले आहे, आणि आजच्या पोलादाच्या, आजच्या यंत्रांवर घडवलेल्या रायफलीतून ती डागली जावीत, याचे मला विलक्षण आकर्षण आहे. नाशिककर देवळालीकडचे तोफांचे आवाज ऐकत मोठा होतो, तरी काडतूस हा विषय निघाला की समोरचा आधी शिकारीबद्दल विचारतो. म्हणून सांगून टाकतो : १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा प्रश्न मिटलेला आहे, निफाडच्या उसात बिबट्या शिरला तर पिंजरा वनखाते लावते, आणि माझा संबंध कागदी लक्ष्याशी व काडतुसाच्या घडणीशी आहे.

'जुने ते सोने' म्हणण्याइतका मी भाबडा नाही. माझे म्हणणे एवढेच आहे की त्या काळची काही काडतुसे त्यांच्या रायफलींच्या पुढे होती. जर्मनीच्या माउझर कंपनीचे ७×५७ हे काडतूस १८९२ चे : गोळी सुमारे ७ मिलिमीटर जाडीची, आणि पुंगळी, म्हणजे दारू भरलेले धातूचे कवच, ५७ मिलिमीटर लांबीची. त्याची मूळ गोळी १७३ ग्रेनची (सुमारे ११ ग्रॅमची), लांबलचक आणि बोथट नाकाची होती. गोळी जितकी लांब तितकी ती हवेत स्थिर राहण्यासाठी अधिक वेगाने फिरावी लागते, म्हणून नळीच्या आत कोरलेला पीळही घट्ट ठेवावा लागला : दर २२० मिलिमीटरला एक पूर्ण फेरा. दोनच वर्षांनी स्वीडन व नॉर्वेने स्वीकारलेल्या ६.५×५५ मध्ये तर तो २०० मिलिमीटरवर आला. पुढे टोकदार, हलक्या आणि वेगवान गोळ्यांची लाट आली, अनेक नव्या काडतुसांसाठी पीळ सैल ठेवले गेले, आणि लांब गोळीचा विचार बराच काळ मागे पडला. मग २००७ मध्ये ६.५ क्रीडमूर हे काडतूस आले आणि लांब, निमुळती गोळी व घट्ट पीळ ही जोडी जणू नव्याने सापडली. क्रीडमूरचा पीळ आठ इंचांचा, म्हणजे सुमारे २०३ मिलिमीटर. स्वीडिश काडतुसापासून फरक तीन मिलिमीटरचा!

मग ही जुनी काडतुसे मवाळ म्हणून का ओळखली जातात? त्याचे कारण काडतुसात नाही, जुन्या रायफलींत आहे. ७×५७ साठी बनलेल्या १८९३ आणि १८९५ च्या माउझर रायफली अजून लोकांकडे आहेत आणि त्यांचे पोलाद आजच्या इतके भरवशाचे नाही. ६.५×५५ च्या बाबतीत नॉर्वेची क्राग रायफल आडवी येते, कारण तिचा बोल्ट (काडतूस नळीत ढकलून मागून बंद करणारा दांडा) पुढे एकाच खिट्टीवर अडकतो. अशा रायफलींना धोका नको म्हणून अमेरिकी मानकाने ७×५७ च्या दाबाची मर्यादा दर चौरस इंचाला ५१,००० पौंडांवर ठेवली, तर युरोपी मानक त्याच काडतुसाला सुमारे ५६,५०० पौंडांपर्यंत जाऊ देते. म्हणजे तेच काडतूस नव्या रायफलीत, नव्या दारूने आणि नव्या गोळीने, पूर्ण ताकदीने चालू शकते. फिनलंडची टिक्का कंपनी आजही ६.५×५५ मध्ये रायफल देते. लंडनच्या रिग्बी कंपनीने ७×५७ ला १९०७ मध्ये .२७५ रिग्बी (हे माप इंचातले) म्हणून आपलेसे केले होते, आणि त्या काडतुसाची रायफल तिने अलीकडे पुन्हा बनवायला घेतली आहे. चंपावतच्या नरभक्षक वाघिणीला मारल्याबद्दल जिम कॉर्बेटना संयुक्त प्रांताच्या लेफ्टनंट गव्हर्नरांनी भेट दिलेली रायफल याच .२७५ ची होती.

एक अडचण मान्य केली पाहिजे. आजच्या रायफलींचे सांगाडे, म्हणजे बोल्ट सामावणारा मधला भाग, ढोबळमानाने दोन मापांत येतात : एक सुमारे ७१ मिलिमीटर लांबीच्या .३०८ या काडतुसासाठी आणि दुसरे सुमारे ८५ मिलिमीटरच्या .३०-०६ साठी. ७×५७ चे पूर्ण काडतूस ७८ मिलिमीटरच्या आसपास भरते, त्यामुळे ते धड इकडचे ना धड तिकडचे. कारखानदारांना हे गैरसोयीचे वाटते. मला मात्र त्यात फायदा दिसतो, कारण लांब मॅगझिनमध्ये (काडतुसांच्या पेटीत) लांब गोळी पुंगळीत खोल न दाबता बसवता येते आणि दारूची जागा वाचते.

मोठ्या इंग्रजी काडतुसांवर तर आपल्याकडच्या उन्हाची छाप आहे. त्या काळच्या कॉर्डाइट दारूचा दाब उष्णतेने वाढत असे. एप्रिल-मे महिन्यांत नाशिकचा पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा उन्हात तापलेली रायफल डागली आणि फुगलेली पुंगळी आतच अडकली, तर समोर चवताळलेले जनावर असलेल्या शिकाऱ्याचे काय होईल, हा विचार रचनाकारांनी केला होता. म्हणून १९११ च्या .४१६ रिग्बीची पुंगळी मुद्दाम ऐसपैस ठेवली गेली, जेणेकरून दाब ४७,००० पौंडांच्या आसपास राहील. १९८० च्या दशकाअखेरीस आलेले .४१६ रेमिंग्टन जवळपास तेवढीच गोळी तेवढ्याच वेगाने फेकते, पण त्यासाठी ६०,००० पौंडांच्या वर दाब घेते. रेमिंग्टन साध्या लांब सांगाड्यात मावते, रिग्बीला खास मोठा आणि महाग सांगाडा लागतो, हा रेमिंग्टनचा खरा गुण. तरीही माझा कौल रिग्बीलाच. १९१२ च्या .३७५ हॉलंड अँड हॉलंडची उतरत्या अंगाची पुंगळी तर चेंबरमध्ये (नळीतल्या काडतुसाच्या घरात) इतकी अलगद सरकते आणि निघते की दारू बदलली तरी त्या आकारात सुधारणा करण्याजोगे फारसे काही उरलेले नाही.

आता आपल्या तीनशे पंधराबद्दल, म्हणजे .३१५ बद्दल. माझ्या मामांकडे ही परवान्याची रायफल आहे आणि निवडणूक लागली की ती पोलीस ठाण्यात जमा होते. लष्कराचे .३०३ नागरिकांना निषिद्ध असल्यामुळे .३१५ ची चलती झाली, पण हे काडतूस मुळात ऑस्ट्रियाच्या लष्कराचे ८×५०आर, म्हणजे तेही एकोणिसाव्या शतकातलेच. पुंगळीच्या बुडावर खडकी कारखान्याची 'के एफ' ही अक्षरे असतात, पुढे मऊ नाकाची २४४ ग्रेनची गोळी. बुडाला बाहेर आलेली कडा आहे, आणि सारी गोम तिथेच आहे : मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या कडेपुढे यावी लागते, नाहीतर बोल्ट ढकलताना दोन्ही एकमेकांत अडकतात. मी घाईने भरू लागलो की मामा म्हणतात, "अरे, कडा बघ आधी." प्रत्येक जुन्या काडतुसाला नवी रायफल मिळावी, असे मी म्हणत नाही, ते यामुळेच. .३१५ ला तिची इशापूरच्या सरकारी कारखान्याची रायफलच शोभते.

परदेशी रायफल मागवणे सामान्य परवानाधारकाच्या आवाक्यातले नाही आणि नामांकित नेमबाजांना मिळणारी सवलत सर्वांना नसते, तेव्हा .२७५ चे स्वप्न इथे पाहायचे तर देशी कारखान्याकडेच पाहावे लागते. सरकारी कारखान्यांनी .३०-०६ ची रायफल बनवलेली आहेच. .३०-०६ आणि ७×५७ या दोन्ही पुंगळ्यांचे बूड जवळपास एकाच मापाचे, सुमारे १२ मिलिमीटरचे आहे. त्यामुळे बोल्ट तोच चालेल, मॅगझिनची लांबी पुरून उरेल, आणि बदलावी लागेल ती मुख्यतः नळी.