प्लॅस्टिकमध्ये माती कशाला?

"प्लॅस्टिकमध्ये माती घालता, म्हणजे भेसळच ना?" घरी आलेले पाहुणे असोत की मोल्डिंगवाले, हा प्रश्न ठरलेला. तुम्हीही विचारलंत म्हणून नीट सांगते.

भेसळ वजन भरायला करतात. खडूच्या पुडीनंही प्लॅस्टिक ताठ होतं, पण ती वीस-तीस टक्के घालावी लागते आणि वस्तू जड होते. आम्ही घालतो मॉन्टमोरिलोनाइट हे चिकणमातीतलं खनिज, तेही चार-पाच टक्के. आपलं काळं रान उन्हाळ्यात भेगाळतं नि पावसात फुगतं, ते याच जातीच्या खनिजामुळे. त्याचे पदर जेमतेम एक नॅनोमीटर (मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) जाड, पत्त्यांच्या कॅटासारखे एकावर एक बसलेले. पाणी त्यांच्यात सहज शिरतं. वितळलेलं प्लॅस्टिक शिरत नाही, त्याचं नि मातीचं मुळात जमतच नाही.

ते जमवणं हेच आमचं काम. पदरांमध्ये सोडियमचे आयन, म्हणजे विद्युतभारित अणू, असतात. माती गरम पाण्यात ढवळत लांब शेपटीचा अमोनियम क्षार सोडला की तो सोडियमला हुसकावून तिथे बसतो, आणि पदर थोडे लांब सरकतात. मग धुणं. गाळलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचा थेंब टाकायचा. पांढरा साका येतोय तोवर धुतच राहायचं. इथे आळस केला तर जास्तीचा क्षार एक्स्ट्रूडरमध्ये, म्हणजे प्लॅस्टिक वितळवून मिसळणाऱ्या यंत्रात, करपतो आणि प्लॅस्टिकचे दाणे पिवळे पडतात. मुळात दोनशे अंशांच्या पुढे या शेपट्या तुटू लागतात, म्हणून माल यंत्राच्या तापलेल्या नळीत, बॅरलमध्ये, रेंगाळू द्यायचा नाही.

पॉलिप्रॉपिलीन हे बादल्या-डब्यांचं प्लॅस्टिक आणखी हट्टी. त्यात मॅलेइक अॅनहायड्राइड हे रसायन जोडलेलं पॉलिप्रॉपिलीन मध्यस्थ म्हणून घालावंच लागतं.

एवढा खटाटोप कशासाठी, तर १९८० च्या दशकाच्या अखेरीस जपानमध्ये टोयोटाच्या संशोधकांनी नायलॉन-६ थेट या पदरांमध्येच घडवलं. पाचेक टक्के मातीनं त्याचा ताठपणा जवळपास दुप्पट झाला. भाराखाली वाकण्याचं तापमान ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास होतं, ते १४० च्या पुढे गेलं. इंजिनाजवळचं टायमिंग बेल्टचं कव्हर त्याचं करता आलं. मला आजही हे विलक्षण वाटतं.

प्लॅस्टिकमध्ये मातीचे पदर एकमेकांपासून सुटलेच नाहीत, तर मात्र तुमचा संशय रास्त आहे. मग ती माती म्हणजे निव्वळ महागडा फिलर, नुसता भराव. म्हणून 'नॅनो' म्हणून दाणे घेताना मातीचे टक्के विचारून थांबू नका, इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचा फोटो मागा. नुसत्या एक्स-रेच्या आलेखावर जाऊ नका. त्यातलं एकावर एक बसलेले पदर दाखवणारं शिखर नाहीसं झालं तरी आत पदरांचे गठ्ठे उरलेले असू शकतात.