बाळंतपणाच्या रजेनंतर पुन्हा लाइनवर

चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मी क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. २०२३ मध्ये बाळंतपणाची रजा संपवून कामावर परतले. २०१७ च्या कायदादुरुस्तीने मिळणारे २६ आठवडे पूर्ण पगारासह विनातक्रार मिळाले होते. खरी ओढाताण परतल्यावर सुरू झाली.

मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत दूध पाजायला जेवणाच्या सुट्टीशिवाय आणखी दोन ब्रेक कायद्याने मिळतात. ५० किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघरही लागतं. आमचं गेटाजवळच होतं. एचआरच्या पत्रात सगळं लिहिलेलं होतं. मी पाळणाघरात असताना लाइनवर कोण उभं राहणार, तेवढं सोडून.

मशीनचं सेटिंग बदललं की पहिला जॉब, म्हणजे त्यावर बनलेला पहिला भाग, मी तपासायचा. बोअर गेज, म्हणजे छिद्राचा आतला व्यास मोजायचा काट्याचा गेज, छिद्रात घालून हळूहळू झुलवायचा, काटा जिथून मागे फिरतो ते माप धरायचं, रिपोर्टवर सही करायची. मगच मशीन चालू. मी नसले की मशीन उभं. सुपरवायझरचा फोन यायचा, ‘मॅडम, अजून किती वेळ?’ बाळाला अर्ध्या दुधावरून उठवून धावत यायचं आणि त्याच हातांनी मायक्रॉनचं, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाचं, माप घ्यायचं. गेजला घाई चालत नाही. सुपरवायझरवर माझा राग नव्हता, त्यांच्या डोक्यावर टार्गेट होतं.

एचआरला अर्ज दिला, उत्तर आलं, ‘ब्रेक मंजूरच आहेत.’ मग एंगेजमेंट सर्व्हे आला, म्हणजे कामात आमचं मन किती लागतं हे विचारणारी प्रश्नावली. ‘सूचना’ या रकान्यात मी एकच ओळ लिहिली: ब्रेकच्या वेळेला रिलीव्हर, म्हणजे माझ्या जागी काम बघणारं माणूस, द्या.

ती कुणीतरी वाचली. एचआरच्या मॅडम स्वतः लाइनवर आल्या, कुणाला कोणतं काम येतं ते दाखवणारा स्किल मॅट्रिक्सचा बोर्ड पाहिला. शेजारच्या मशीनवरच्या ताईंना गेज वापरता येत होता, फक्त सहीचा अधिकार नव्हता. क्वालिटी हेडशी बोलून त्यांचं ट्रेनिंग लावलं, परीक्षा घेतली, अधिकार दिला. माझ्यासाठी मशीन थांबायचं बंद झालं आणि माझं मन पुन्हा मापात लागलं. वाढदिवसाचे केक, रांगोळी स्पर्धा आम्हालाही आवडतात. पण माणूस कामात जीव ओततो तो अशा सोयीमुळे, असं माझं ठाम मत आहे.

त्या ताई आता दुसऱ्या शिफ्टला स्वतंत्रपणे पहिला जॉब पास करतात. रजेवरून परतणाऱ्या मैत्रिणींनो, रुजू व्हायच्या आधीच एचआर आणि सुपरवायझर दोघांना एकत्र बसवा, आणि ब्रेकच्या वेळांसोबत रिलीव्हरचं नावही पत्रात लिहून घ्या.