आमची वाटचाल : मोडाचं पीठ आणि एक थर्मामीटर

आम्ही बाळांच्या लापशीचं पीठ बनवून विकतो, आणि आमच्याकडे नवीन येणारा प्रत्येक जण पहिला प्रश्न विचारतो तो टेबलावरच्या काचेबद्दल. काचेखाली एक कागद आहे, त्यावर कंपासने काढलेली वर्तुळं, एकात एक, अर्ध्या अर्ध्या सेंटीमीटरवर. मधोमध पाइपचा छोटा तुकडा उभा ठेवायचा, त्यात शिजवलेली लापशी काठोकाठ भरायची, पाइप सरळ वर उचलायचा आणि घड्याळ लावून ३० सेकंदांनी लापशी कितव्या वर्तुळापर्यंत पसरली ते वहीत लिहायचं, जास्त पसरली म्हणजे सैल, कमी म्हणजे घट्ट. लापशी कोमटच पाहिजे, बाळाला भरवतो तेवढी, म्हणजे ४० अंशांच्या आसपास, कारण गार झाली की ती घट्ट होते आणि आकडा खोटा येतो. प्रत्येक बॅचला हे करतो. ज्या वर्षी धंदा बंद व्हायला आला होता त्या वर्षापर्यंत ही काच आमच्याकडे नव्हती, आणि असती तर ते वर्ष आलंच नसतं असं मला अजून वाटतं.

सुरुवात २०१२ ची. मी आणि माझ्या थोरल्या जाऊबाई, दोघी. माझी मुलगी तेव्हा सात महिन्यांची, वजन वाढत नव्हतं, आणि मी तिला दिवसातून चार वेळा पातळ लापशी भरवायचे, वाटी चाटूनपुसून संपवायची, तरी वजनकाटा हलेना. जाऊबाईंनी एक दिवस वाटी हातात घेतली, चमच्याने ढवळली आणि म्हणाल्या, अगं हे पाणी आहे, ह्यात पीठ कुठंय? घट्ट करायला गेलं तर ती गिळत नव्हती, थुंकून टाकायची. मग त्यांनी मोड आणलेल्या गव्हाचं पीठ आणलं, चिमूटभरच, आणि माझ्या घट्ट लापशीत गरम होत असताना टाकलं. दोन-तीन मिनिटांत ती लापशी डोळ्यांदेखत सैल झाली, पाण्याचा थेंब न घालता. मी बघतच राहिले.

ह्या लाइनमधल्यांना हे माहीत असणार, तरी ज्यांनी नुसतं पॅकेट विकत घेतलंय त्यांच्यासाठी सांगते. धान्याला मोड आला की त्यात अमायलेज नावाचं एन्झाइम तयार होतं, ते स्टार्चच्या लांब साखळ्या तोडतं. साधं पीठ शिजताना फुगतं आणि पाणी धरून बसतं, म्हणून १०० ग्रॅम लापशीत पाच-सहा ग्रॅम पीठ घातलं तर ती पातळ राहते आणि त्याच्या वर गेलात की ती घट्ट व्हायला लागते. पाच ग्रॅम पिठाच्या झाल्या साधारण २० कॅलरी. आईच्या दुधात तेवढ्याच वजनात ६५-७० असतात. आता बाळाचं पोट किती, तर वजनाच्या प्रत्येक किलोमागे साधारण ३० ग्रॅम, म्हणजे आठ किलोच्या बाळाला २४० ग्रॅम. ते पोट तुम्ही पातळ लापशीने भरलंत तर दुधाची जागा पाण्याला दिलीत. मोडाचं पीठ अगदी थोडं, पाच टक्क्यांच्या आसपास घातलं तर तेवढ्याच लापशीत १५ ग्रॅमच्या वर पीठ मावतं आणि चमच्यावरून घसरतं सुद्धा. माझ्या मुलीचं वजन पुढच्या दोन महिन्यांत मार्गी लागलं. तिथून धंद्याचं डोक्यात आलं.

पहिली हत्यारं म्हणजे चार लाकडी ट्रे, खाली सुती कापड, वरून जाळी, एक जुनी घरगुती चक्की आणि जाऊबाईंची पितळी चाळणी. ती चाळणी अजून आहे, आता स्टीलच्या ६० मेशच्या, म्हणजे इंचाला ६० भोकांच्या, आल्यात पण मोडाचं पीठ जाऊबाई अजूनही त्या पितळीतूनच एकदा काढतात. गहू रात्रभर भिजवायचा, निथळून ओल्या कापडात दीड-दोन दिवस, मुळं दाण्याएवढी झाली की ट्रेवर पातळ पसरायचा, आणि इथे जाऊबाईंचा एकच नियम होता, मोडाला आच दाखवायची नाही, ऊन दाखवायचं. नंतर हाताने चोळून मुळं काढायची नाहीतर पीठ कडवट लागतं. तांदूळ आणि डाळ मात्र वेगळं, खमंग भाजून. मग दोन्ही पिठं एकत्र. २०१३ ते २०१७ पर्यंत हेच चाललं, ड्रायर आला, पल्व्हरायझर म्हणजे दळायचं मोठं यंत्र आलं, सहा बायका कामाला आल्या, एक डिस्ट्रिब्युटर मिळाला. ती वर्षं चांगलीच गेली.

आमच्या एक आजी होत्या, पहिल्या वर्षापासूनच्या गिऱ्हाईक. मोठ्या नातीला आमच्यावर वाढवलं, मग नातवाला. फोनवर ऑर्डर कधी दिली नाही, स्वतः यायच्या, पॅकेट हातात घेऊन तारीख बघायच्या, नाकाला लावून वास घ्यायच्या आणि मगच पिशवीत टाकायच्या. डाळीचं प्रमाण वाढव असं त्यांनीच सांगितलं होतं आणि ते बरोबर होतं, कारण सहा महिन्यांनंतर बाळाच्या अंगातला लोहाचा साठा संपत येतो आणि नुसत्या तांदळात ते फारसं नाही.

आता २०१८. एका पॅकेटमध्ये किडे निघाले. एकाच. पण फोटो फिरला आणि मी घाबरले. पिठातल्या किड्याची अंडी साध्या चाळणीतून जाऊ शकतात, डोळ्यांना दिसत नाहीत, हे धान्याचं काम करणाऱ्या सगळ्यांना माहितीये, पण गिऱ्हाइकाला ते सांगून उपयोग नसतो. मी कर्ज काढून गॅसवरचा फिरता रोस्टर घेतला आणि ठरवलं की आता सगळं धान्य ह्यातून जाणार, मोडाचंसुद्धा. जाऊबाई म्हणाल्या, नको, मोड मरेल. मी म्हटलं, मोड तर वाळवल्यावर मेलेलाच असतो, आणि किडा तरी मरेल. त्या पुढे काही बोलल्या नाहीत. माल बाहेर आला तो सुरेख, रंग बदामी, वास असा की बाहेरच्या रस्त्यापर्यंत. सगळ्यांना आवडला. तीन महिन्यांचा स्टॉक बनवून आम्ही पाठवून दिला.

तक्रारी आठवड्याभरात सुरू झाल्या. लापशी गोळा होते, बाळ गिळत नाही, ठसकतं. मी प्रत्येकीला सांगत होते पाणी वाढवा, पाणी वाढवा. म्हणजे ज्या पातळ लापशीतून माझी स्वतःची मुलगी बाहेर काढली तीच मी दुसऱ्यांच्या मुलांना द्यायला सांगत होते, आणि मला तेव्हा ते कळलंसुद्धा नाही. हे लिहिताना आजही हात थांबतो.

आजी आल्या त्या दोन पॅकेटं घेऊन, एक रोस्टरच्या आधीचं, तळाशी थोडं उरलेलं, एक नवीन. म्हणाल्या, पोरी, गॅस पेटव. दोन पातेली, दोन्हीत सारखंच पाणी, सारखंच पीठ, सारखीच आच. मग दोन वाट्यांत काढलं. जुन्या वाटीतली लापशी चमच्यावरून धार लागून पडली आणि नव्या वाटीत चमचा उभा राहिला. त्या मला एक शब्द लागट बोलल्या नाहीत. फक्त विचारलं, तुझी जाऊ कुठंय?

जाऊबाई महिनाभर आल्या नव्हत्या. मी त्यांच्या घरी गेले, दोन्ही वाट्या घेऊन. त्यांनी नव्या वाटीला बोट लावलं आणि म्हणाल्या, आच दाखवलीस. एवढंच. एन्झाइम हा शब्द त्यांना माहीत नव्हता, पण मोडाचं पीठ करपवलं की त्यातलं काम करणारं जे आहे ते मरतं हे त्यांना माहीत होतं, आणि मला, दोन पुस्तकं वाचून त्यांनाच शिकवणारीला, माहीत नव्हतं.

सगळा माल परत मागवला. रोस्टरचा हप्ता, परत आलेली पॅकेटं, सहा बायकांचा पगार, सगळं एका वेळी. दोन बायका सोडून गेल्या, त्यांचा दोष नाही. आणि ह्याच वेळी आमच्या डिस्ट्रिब्युटरने, ज्याला आम्ही घरचा माणूस समजत होतो, दुकानदारांना सांगितलं की यांचा माल पोटात चिकटतो, आणि दोन महिन्यांत स्वतःचं पॅकेट काढलं. आमच्याच रंगाचं, आमच्यासारखीच वाटी छापलेली. आत तांदळाचं पीठ, माल्टोडेक्स्ट्रिन (स्टार्च तोडून केलेली भुकटी), साखर, दूध पावडर. वर लिहिलेलं, चार महिन्यांपासून. शिजवायचं काम नाही, गरम पाणी ओता आणि द्या. आमच्या जागेवर सगळीकडे ते गेलं, कारण बाळं ते आवडीने खातात. साखर घातली की बाळ खाणारच! आमच्या दोघींच्या सहा वर्षांच्या मेहनतीवर तो माणूस दुकानांची यादी घेऊन निघून गेला आणि ह्या गोष्टीचा राग माझा अजून गेलेला नाही, जायला पाहिजे असंही मला वाटत नाही.

चार महिन्यांचं मला विशेष लागतं. जागतिक आरोग्य संघटना सहा महिने पूर्ण झाल्यावर म्हणते, आणि २०१६ साली त्यांनी स्पष्ट सांगितलंय की सहा महिन्यांच्या आतल्या बाळांसाठी म्हणून असलं अन्न विकायला पुढे करू नये. मान धरता येते का, आधाराने बसतं का, चमचा लावल्यावर जीभ बाहेर ढकलत नाही ना, हे बघा. आणि पॅकेट घेताना पुढची बाजू बघूच नका, मागे वळवा. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते, पहिल्या तीनात साखर, माल्टोडेक्स्ट्रिन किंवा फळांचा आटवलेला रस आला की परत ठेवा, आमचं पॅकेट असतं तरी मी हेच सांगितलं असतं. तोंडाला लावून चोखायच्या पाऊचातली प्युरी असेल तर ती वाटीत काढून चमच्याने द्या, बाळाला चावायला, जीभ फिरवायला शिकायचंय. मीठ नको. मध तर वर्षाच्या आत अजिबात नको, शिजवलेला पण नको, त्यातल्या बॉट्युलिझम ह्या जीवघेण्या विषबाधेच्या जंतूंचे बीजाणू घरच्या गॅसवर मरत नाहीत. आणि एकच एक धान्य रोज देऊ नका, तांदळात आर्सेनिकचा प्रश्न असतो, अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न आणि औषध प्रशासनाने, बाळांच्या तांदळाच्या सीरियलसाठी २०२० मध्ये १०० पीपीबीची (अब्जात १०० भाग) मर्यादा घातली, आम्हीसुद्धा तेव्हापासून तांदूळ कमी करून ओट्स आणलेत.

शेंगदाण्याचं पण सांगून टाकते, कारण आमच्या जुन्या पॅकेटवर वर्षाच्या आत शेंगदाणा नको असं छापलेलं होतं आणि ते आम्ही बदललं. २०१५ मध्ये ६४० बाळांवरचा अभ्यास आला, त्यात लवकर शेंगदाणा खाल्लेल्यांमध्ये पाचव्या वर्षी ॲलर्जी खूपच कमी निघाली. पण बारीक पेस्ट, लापशीत कालवून. अख्खा दाणा मुळीच नाही, घशात अडकतो. आणि बाळाला त्वचेचा एक्झिमा जास्त असेल किंवा अंड्याची ॲलर्जी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

तर, उभं कसं राहिलो. तांदूळ-डाळ रोस्टरमध्येच ठेवली, तिथे जोरदार आच पाहिजेच. मोडाचा गहू मात्र वेगळा, ड्रायरमध्ये, आणि ड्रायरला थर्मामीटर लावला, ५० अंशांच्या वर काटा गेला की घंटा वाजते. ओलावा १० टक्क्यांच्या खाली आल्याशिवाय चक्कीवर जात नाही, मॉइश्चर मीटरचा आकडा वहीत. किड्यांसाठी पॅकिंग बदललं, हवाबंद आणि छोटं, कारण मोठं पॅकेट घरी दोन महिने उघडं राहतं. आणि ती काच आली, वर्तुळांची. कागदावरची वर्तुळं आमच्या मुलीने काढली, तेव्हा ती पहिलीत होती, थोडी वाकडी होती म्हणून मी पुन्हा काढून घेतली.

पॅकेटवर शिजवायची रीत मोठ्या अक्षरात घातली, आणि ती वाचा म्हणून मी अजून प्रत्येक फोनवर सांगते. पीठ थंड पाण्यात कालवायचं. उकळत्या पाण्यात टाकलंत की एन्झाइम लगेच मरतं आणि गुठळ्या होतात त्या वेगळ्याच. मंद आचेवर ढवळत न्यायचं, साधारण ५५ ते ७० अंशांच्या मध्ये त्याचं काम होतं, तिथे घाई करू नका, लापशी आधी घट्ट होते आणि मग आपोआप सैल पडते, ते दिसलं की आच वाढवून चांगली उकळी आणायची. उकळी टाळायची नाही, कारण मोड येताना ओलाव्यात जंतूही वाढतात. सात-आठ महिन्यांच्या बाळाला दिवसात दोन-तीन वेळा, नऊच्या पुढे तीन-चार वेळा, आणि सोबत दूध चालूच. लापशीत मऊ डाळ, अंडं किंवा मटणाचा बारीक खिमा जे घरात खाल्लं जातं ते घाला, आणि त्याच जेवणात आंबट फळाचा घास, लोह अंगी लागतं.

धंदा पूर्वीच्या आकाराचा झाला नाही. डिस्ट्रिब्युटर ठेवला नाही, थेट पाठवतो, चार बायका आहेत. गेल्या वर्षी त्याच माणसाचा फोन आला, लोक आता साखर नसलेलं मागतात म्हणे, तर तुमचं मोडाचं पीठ मोठ्या प्रमाणात द्याल का, नाव तुमचं नको. मी जाऊबाईंकडे फोन दिला. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणाल्या, आमच्या ड्रायरमध्ये एवढी जागा नाही, आणि ठेवून दिला. जागा होती.

आजींची धाकटी नात मागच्या पावसाळ्यात सहा महिन्यांची झाली. आजींचे गुडघे आता चालत नाहीत, तिचे वडील येतात. पहिल्यांदा आले तेव्हा पॅकेट घेतलं, तारीख बघितली, मग जरा संकोचून म्हणाले, आईने सांगितलंय वास घेऊन आण. मी कात्री दिली.