अंजनेरीच्या पठारावर शेणकिड्यांच्या मागे

पहिल्या पावसानंतरच्या रविवारी अंजनेरीला जाऊ नये, असे माझे स्पष्ट मत झाले आहे. त्र्यंबक रस्त्यावरची कोंडी, पायऱ्यांवरची रेटारेटी आणि अंजनीमातेच्या मंदिरापर्यंत पोचलेला कुणाचा तरी स्पीकर यांविषयी अधिक लिहिण्याची इच्छा नाही. प्राणिशास्त्र शिकवणारी मैत्रीण बरोबर होती, म्हणून दिवस सार्थकी लागला. उंचावर गेल्यावर कीटकांच्या नर-मादीच्या आकारातला फरक बदलतो का, हा तिचा प्रश्न होता.

पठारावर गुरांच्या ताज्या शेणापाशी तिने बैठक मारली आणि काडीने उकरून दोन काळे शेणकिडे तळहातावर घेतले. एकाच्या डोक्यावर इवलेसे शिंग होते, दुसऱ्याच्या नव्हते. भोवती जमलेल्यांपैकी एका काकांनी "शिंगवाला नर, म्हणजे तोच मोठा" असा निकाल देऊन टाकला. व्हर्नियर कॅलिपरमध्ये मात्र मादीच काकणभर सरस भरली. पोट खाण्याने आणि अंड्यांनी फुगते, म्हणून ती छातीवरच्या कवचाची रुंदी मोजत होती.

कीटकांमध्ये बहुधा मादीच मोठी असते, कारण मोठ्या शरीरात अंडी अधिक मावतात. गेंडा भुंग्यासारख्या जातींत नर शिंगांनी झुंजतात, तिथे पारडे नराकडे झुकू शकते. कोशातून बाहेर पडल्यावर भुंगेरा वाढत नाही. शेणकिड्याचे आकारमान, आणि नराचे शिंगही, अळीसाठी जमिनीखाली किती शेण साठवले गेले यावर बव्हंशी ठरते. काही जातींतल्या खुजट नरांना शिंग जवळजवळ नसतेच, त्यामुळे घाईने मोजणारा त्यांना खुशाल माद्यांत जमा करतो.

उंचीचा प्रश्न इथून पुढे सुरू होतो. थंड प्रदेशातले प्राणी मोठे असतात हा बर्गमन यांचा १८४७ मधला नियम उष्ण रक्ताच्या प्राण्यांसाठी होता. कीटक उंचावर कधी मोठे आढळतात, कधी लहान. थंडीने अळीची वाढ मंदावते आणि वाढीचा हंगामही आखडतो, तेव्हा नर-मादींपैकी ज्याला मोठे होण्यासाठी जास्त दिवस लागतात त्याचीच अधिक कुचंबणा होऊन दोघांतला फरक घटण्याचा संभव असतो. म्हणून दोघांची एकत्र सरासरी फसवी ठरते. नाशिक शहर सुमारे ६०० मीटरवर, अंजनेरी सुमारे १२८० मीटरवर. तापमानातला फरक साधारण चार अंशांचा. शिवाय आपल्याकडे हंगाम आखून देतो तो पाऊस, आल्प्ससारखा बर्फ नव्हे.

काकांना यातले काहीही पटले नाही. मैत्रिणीला आता १५६७ मीटर उंचीच्या साल्हेरचे वेध लागले आहेत. मात्र एकाच पावसाळ्यात, पायथ्यापासून माथ्यापर्यंत, एकाच जातीचे नर आणि माद्या वेगवेगळे मोजता आले तरच त्या चढाईला अर्थ आहे, आणि त्यासाठी गुरे किती वर चरायला जातात हे गावात आधी विचारावे लागेल.